शुक्रवारचे पाणी

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नुझहा बिन्त मक्की अल-वदगीरी,

तुला जाऊन आज सात महिने झाले. या वहीची पहिली ओळ तुझ्या पूर्ण नावाने लिहिणे मला उचित वाटते. मात्र हे पत्र नव्हे. पत्राला उत्तराची अपेक्षा असते, आणि तुझी उत्तरे, स्पष्टच लिहायचे तर, तुझ्या हयातीतही मला बहुधा गैरसोयीची होत. ही रोजनिशी आहे. ती माझ्याखेरीज कोणी वाचू नये.

आजचे काम. प्रादेशिक गृहविकास आराखड्याचे चौथे प्रकरण, ‘पाणीपुरवठा व नदीची गुणवत्ता’, सही करून सादर केले. रियाद अल-वाद या नव्या वसाहतीत अकरा हजार घरे होतील, पहिल्या इमारती तयारही आहेत. हज्ला नदीवरचे नवे जलशुद्धीकरण केंद्र त्यांना बारमाही पाणी पुरवील. ‘बारमाही’ या शब्दाखाली मी स्वतः पट्टी धरून रेघ ओढली.

नदीचा नमुना क्रमांक १०४. स्थळ सीदी मंदीलचा उतार, वेळ सकाळी साडेअकरा. पाणी स्वच्छ, गंधहीन. त्यानंतर कुसकुसाचे जेवण.

संकल्प: पहाटे उठणे. स्वयंपाक शिकणे. तुझ्याशी मनातल्या मनात वाद न घालणे.

१४ सप्टेंबर, रविवार

स्वयंपाकास आरंभ. मसूर करपले. दोष पातेल्याचा, त्याचा तळ असमान आहे.

गच्चीवरच्या कपाटात तुझ्या सात बरण्या सापडल्या. प्रत्येकीवर तुझ्या शाळेतल्या अक्षरात एकेक वार लिहिलेला. सहा बरण्यांत काळा द्रव. ‘शुक्रवार’ लिहिलेल्या बरणीत मात्र जवळजवळ नितळ पाणी.

ऑलिव्हचे लोणचे असावे, अर्धवट राहिलेले. शुक्रवारच्या बरणीत तू काही घालायलाच विसरलीस हे उघड आहे. तू विसरणाऱ्यांपैकी नव्हतीस. पण गेला हिवाळाभर थकलेली दिसत होतीस. झाकणे उघडली नाहीत. मुरू द्यावे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

नमुना १०५. स्वच्छ.

कार्यालयाची गाडी फक्त शुक्रवारी मोकळी असते, कारण त्या दिवशी डायरेक्टर घरी जेवतात. गाडी चालवणारा अल्लाल हा सीदी मंदीलचाच. त्याची आई लल्ला तामू नदीकाठी राहते आणि शुक्रवारी सात भाज्यांचा कुसकुस करते. अशा प्रकारे विज्ञान, वाहनव्यवस्था आणि भोजन यांचा मेळ बसला आहे. गेली दोन वर्षे एकही शुक्रवार चुकलेला नाही. खात्यात अशी नियमितता दुसऱ्या कोणाची असल्यास दाखवावी.

लल्ला तामू वाढताना म्हणाली, “सी तुहामी, तुम्ही आपले शुक्रवारी येता तेच बरं. हंगामात एरवी आलात तर खिडक्या लावून जेवायला लागेल.” मी विचारले, माश्या का? ती तोंडाला ओढणी लावून हसली. अल्लाल म्हणाला, “आई, तू वाढ बघू.”

नंतर तीच म्हणाली, “मास्तरीणबाई मात्र शाळा सुटली की रोज पाण्यापाशी उतरायच्या. कसलाही गारठा असो.”

तुला नदीकाठ इतका प्रिय होता हे मला ठाऊक नव्हते. बावीस वर्षे तू त्या गावात शिकवायला बसने गेलीस. एकदाही मला बरोबर चल म्हणाली नाहीस. (एकदा म्हणालीस. मंगळवार होता. मंगळवारी गाडी नसते.)

२ ऑक्टोबर, गुरुवार

आराखड्यावर जाहीर सुनावणी. सभागृह भरलेले. टेबलावर पुदिन्याचा चहा, अकारण गोड.

हाज बूश्ता आले होते. सीदी मंदीलच्या वरच्या अंगाला त्यांचे पाच तेलघाणे आहेत. यंदा आणखी दोन. त्यांचा आक्षेप कलम सतरावर. ऑलिव्हचे तेल काढल्यावर जे काळे पाणी उरते, ते नदीत न सोडता उघड्या तळ्यांत सुकवावे, असे ते कलम. मसुद्यात ते केवळ तुझ्या आग्रहाखातर राहिले होते.

हाज उभे राहून म्हणाले, “साहेबांचेच आकडे घ्या की. दोन वर्षं तपासलंय, नदी आरशासारखी. मग तळी कशाला? बदकं पाळू का त्यांत?” सभागृह हसले. मीही हसलो, पदाला शोभेल इतपत.

तर्क बिनचूक होता. कलम सतरा वगळले.

जाताना हाजनी माझे दोन्ही हात धरले. “यंदा झाडांना टेकू लावावे लागलेत, सी तुहामी. देवाची कृपा. इतकं पीक माझ्या बापानं पाहिलं नाही.”

अभिनंदन केले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

नमुना १०८. स्वच्छ.

सायंकाळी पाच. रियाद अल-वादमधल्या फ्लॅटच्या किल्ल्या मिळाल्या. इमारत तीन, चौथा मजला, करार माझ्या नावे. आपली लेक बतूल आणि जवाद तिथे राहतील. बाळंतपण जवळ आले असल्याने धाकट्या खोलीत मीही राहीन. आराखडाकाराने आपल्याच आराखड्यात राहून दाखवावे, असा माझा सिद्धान्त आहे.

बतूलने सामान बांधताना कुरकुर केली. “बाबा, आई म्हणाली होती, ऑलिव्हचा एक हंगाम जाऊ द्या, मग बघा राहायचं की नाही ते.”

मी म्हणालो, तुझी आई उत्तम शिक्षिका होती, इंजिनियर नव्हती.

“म्हणून तर ती नदीकडे बघायची,” बतूल म्हणाली.

जवाद हा शांतताप्रिय जावई आहे. तो म्हणाला, “बाबांनी सही केलीय ना? मग झालं.” हे वाक्य मला आवडले.

स्वयंपाकघरातला नळ मी स्वतः उघडला. पाणी गार, स्वच्छ. एक पेला प्यालो. एक बतूलला दिला. तिने तो बराच वेळ उजेडात धरला आणि ओट्यावर ठेवून दिला.

तुझ्या सात बरण्या आणल्या. धाकट्या खोलीत, खिडकीच्या फळीवर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

घाणे सुरू झाले. रस्ताभर ऑलिव्हच्या गोण्यांनी लादलेले ट्रक. मोजायला लागलो, चाळीसनंतर सोडून दिले.

नमुना ११२. स्वच्छ. उतारावरच्या दगडांवर मात्र पाण्याच्या चार बोटे वर एक काळी रेघ दिसली. सगळ्या दगडांवर एकाच उंचीवर. अल्लाल म्हणाला, “सावली असेल, साहेब.” सूर्य डोक्यावर होता. तथापि अल्लाल इथलाच. नोंदवहीत ‘सावली’ असे लिहिले.

लल्ला तामूचे गाढव नदीपर्यंत गेले, नाक खाली नेले आणि तहानलेलेच परतले. स्वभाव हेकट दिसतो.

कुसकुसात भोपळा अप्रतिम.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

जलशुद्धीकरण केंद्राचा मुख्य चालक मीलूद याचा सकाळी सातला फोन. वाळूचे गाळणे तुंबते आहे. नदीचे पाणी घेणे थांबवावे, असे त्याचे मत. मी त्यास प्रकरण चार, तक्ता नऊ पाहण्यास सांगितले.

तो म्हणाला, “तक्ता मी पाहिलाय, साहेब. नदीनं पाहिलेला नाही.”

कनिष्ठांच्या भाषेविषयी स्वतंत्र टिपण लिहावे. पाणी घेणे सुरू ठेवावे, असे लेखी कळवले. साडेतीनशे कुटुंबे राहायला आली आहेत. नळ कोरडा ठेवता येत नाही.

सायंकाळी पाण्याला किंचित वास. बतूल म्हणाली, तेलाचा. मी म्हणालो, नव्या पाइपचा. पाइपला वास असतोच.

२ डिसेंबर, मंगळवार

नुझहा, तुला नात झाली. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. वजन तीन किलो शंभर. कपाळ तुझे. आक्षेप घेतल्यासारखे ओठ, तेही तुझेच.

नाव तुझेच ठेवायचे ठरले. बतूल रडली. मी पडदे सरळ केले.

पुढच्या मंगळवारी सातव्या दिवसाचे बारसे, इथेच, नव्या घरी. डायरेक्टर आणि हाज बूश्ता यांना निमंत्रणे. नळ, घर आणि वंश यांचे असे एकत्र दर्शन इतर कोणत्या आराखडाकाराने घडवल्याचे ऐकिवात नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

नमुना ११६. स्वच्छ. बतूलला बाटली नेऊन दाखवली. “हे बघ,” मी म्हणालो. ती म्हणाली, “बाबा, हे नदीतलं झालं. नळातलं बघा.” नळाचे पाणी फिक्या चहासारखे होते. मी समजावले की नदी निर्दोष असल्यामुळे दोष नळाचाच असणार.

प्लंबरला बोलावले. त्याने नळ बदलला.

९ डिसेंबर, मंगळवार

क्रमाने लिहितो.

सकाळी बोकड कापला. जवादच्या आईने, लल्ला रहीमोने, बाळाला न्हाऊ घातले आणि ओव्याचे पाणी उकळून दोन चमचे पाजले. नातीला ते कडू लागले म्हणे, ती रडली. पितळी भांड्यात पाण्याचा रंग कोणाला दिसला नाही.

दुपारी एक. पाहुणे तक्क्यांना टेकून बसले. जेवणापूर्वी किटली आणि तस्त घेऊन हात धुवायला घालण्याचा मान मी स्वतःकडे घेतला. प्रथम डायरेक्टर. त्यांनी हात पुढे केले. मी किटली वाकवली.

पाणी काळे होते. शाईसारखे. ते त्यांच्या बोटांवरून, अंगठीवरून, पांढऱ्या बाहीवरून तस्तात पडले आणि त्यावर तेलाचा पातळ रंगीत पडदा पसरला.  माझा हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही. किटली अर्धी झाली.

हाज बूश्ता शेजारी होते. त्यांनी तस्तात बोट बुडवले, नाकाशी नेले. घाण्यावर आयुष्य काढलेला माणूस. हळू आवाजात, जवळजवळ लाजून, ते म्हणाले, “हे माझं आहे.”

आतून बतूलचा आवाज आला, “बाबा, ती ओकतेय.”

नाव पुकारायचे राहून गेले.

१० डिसेंबर, बुधवार

इस्पितळ. बाळाच्या हातात सुई. तिचा हात माझ्या अंगठ्याएवढा. डॉक्टरीणबाईंनी विचारले, कोणतं पाणी पाजलं? लल्ला रहीमोने माझ्याकडे पाहिले. बतूलने पाहिले नाही.

वसाहतीतली आणखी नऊ मुले त्याच वॉर्डात आहेत. पाणीपुरवठा बंद केला गेला. मीलूदने विचारल्याविना बंद केला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

जायला नको होते, पण गेलो. नियमितता.

नमुना ११७. स्वच्छ! किती हायसे वाटले ते लिहिता येत नाही. काठावर बसून राहिलो. म्हणजे नदी ठीक आहे. मधेच कुठेतरी काही घडते. लल्ला तामूने बाळाविषयी विचारले. आज कुसकुस मागितला नाही, तिनेही आग्रह केला नाही.

दगडांवरची रेघ आता गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे.

१४ डिसेंबर, रविवार

बाळ दूध पिऊ लागले. धोका टळला, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इतर नऊ मुलेही घरी गेली. घरी म्हणजे नातेवाइकांकडे. वसाहतीत कोणी परतले नाही.

बतूल बाळाला घेऊन सासरी गेली. मदिनेत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात. त्यांच्या अंगणात झऱ्याचे पाणी येते. दारातून वळून म्हणाली, “बाबा, तुमचं पाणी कागदावर फार गोड आहे.”

फ्लॅटमध्ये मी एकटा. नळ उघडला की आतून श्वास घेतल्यासारखा आवाज येतो, पाणी येत नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

नवा प्रस्ताव सुचला. नदी शुक्रवारी स्वच्छ असते, याला ११७ नमुन्यांचा पुरावा आहे. तेव्हा केंद्राने केवळ शुक्रवारी पाणी घ्यावे आणि आठवडाभर साठवावे. टाक्यांचे आकारमान, रेखाचित्र, सहा पाने. सुबक झाले आहे. दुपारी डायरेक्टरना नेऊन दिले.

त्यांनी पहिले पान वाचले. बाहीवरचा डाग गेलेला नव्हता. तोच कोट पुन्हा का घातला होता, कळले नाही. ते म्हणाले, “सी तुहामी, इतर सहा दिवस काय होतं, हे तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही?”

मी म्हणालो, गाडी नसते.

त्यांनी सहाही पाने जुळवून माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाले, “चौकशी समिती बसलीय. चौथ्या प्रकरणावर एकच सही आहे, आणि ती तुमची आहे.”

२२ डिसेंबर, सोमवार

समितीने सर्व नमुन्यांची यादी मागवली. तारीख, वेळ, वार. गेल्या शुक्रवारी गाडी मिळाली नाही, म्हणून यादी ११७ वर थांबते. वार हा रकाना माझ्या नोंदवहीत नव्हता. आज भरला. शुक्रवार. शुक्रवार. शुक्रवार. चाळिसाव्याला पेन खाली ठेवले. एकशे सतराव्यापर्यंत पोहोचायला संध्याकाळ झाली.

शुक्रवारी घाण्यांवरची माणसे मशिदीत असतात. गुरुवारी सूर्य मावळताच घाणे थांबतात, शनिवारी सकाळी सुरू होतात. हे या प्रांतात पाच वर्षांच्या पोराला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होते. मी स्वतः शुक्रवारी त्याच मशिदीत, त्याच माणसांच्या रांगेत, अल्लालच्या शेजारी उभा राहत असे. आणि त्याच्या तासभर आधी नदीवर लिहून आलेलो असे: स्वच्छ.

फळीवरच्या बरण्यांकडे पाहिले. आधी ‘सोमवार’ची घेतली. झाकण घट्ट होते. उघडले.

लोणचे नव्हते.

प्रत्येक झाकणाच्या आत कागदाची चकती, तुझ्या अक्षरात. तारीख, वेळ, स्थळ सीदी मंदीलचा उतार. पाण्याचा रंग. मासे: नाहीत. मुलांना पाण्यात जाऊ दिले नाही. ‘मंगळवार’च्या चकतीवर या सगळ्याखाली आणखी एक ओळ: तुहामीला दाखवणे. त्यापुढे कंसात, त्याचे मन चांगले असेल तेव्हा.

माझे मन केव्हा चांगले असे, याचा हिशेब करीत बसलो. लागला नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी सहाच्या बसने गेलो. तुझ्या बसने. चालकाने विचारले, “बाईंचे कोण?” मी म्हणालो, इंजिनियर. नंतर म्हणालो, नवरा.

उतारावर उभा राहिलो. नदी काळी होती आणि वाहतही नव्हती असे वाटले, इतकी जड. वास डोळ्यांत जातो. मेलेले मासे एका बाजूला, पांढऱ्या पोटांनी. पलीकडे शाळेच्या सगळ्या खिडक्या बंद, आतून मुलांचा पाढा.

लल्ला तामूची खिडकीही बंद होती. तिने दार उघडले, मला पाहिले, आणि आश्चर्य दाखवले नाही. “आलात?” ती म्हणाली. “बाई म्हणायच्या, एक दिवस येतील. मी म्हणायची, नाही यायचे. पैज लावली होती आम्ही.”

मी विचारले, मला सांगितले का नाही?

“सांगितलं की. खिडक्या लावून जेवायला लागेल म्हणाले. तुम्ही माश्यांचं विचारलंत.”

नमुना ११८ घेतला. रंग काळा. वार मंगळवार.

१३ जानेवारी, मंगळवार

समितीपुढे जबाब झाला. टाक्यांचा प्रस्ताव मागे घेतला. कलम सतरा कोणाच्या आकड्यांवरून वगळले हे लिहून दिले. दोन हंगाम तरी रियाद अल-वादला नदीचे पाणी देता येणार नाही. अकरा हजारांपैकी उरलेली घरे बांधणे थांबले. हाज बूश्ता बाहेरच्या बाकावर बसले होते. आम्ही एकमेकांना सलाम केला. त्यांनी तळी खोदायला घेतली आहेत. बदकांचा विषय कोणी काढला नाही.

सात बरण्या टेबलावर ठेवल्या. कारकुनाने फॉर्म पुढे केला. नमुना घेणाऱ्याच्या नावाचा रकाना. तो माझे नाव लिहू लागला. मी पेन मागून घेतले आणि सातही फॉर्मवर स्वतः लिहिले: नुझहा बिन्त मक्की अल-वदगीरी, शिक्षिका, सीदी मंदील. कारकून म्हणाला, “त्यांना सहीला यावं लागेल.” मी सांगितले. त्याने सहीचा रकाना कोरा ठेवला.

बाळाचे बारसे गेल्या आठवड्यात सासरी झाले. बतूलचा निरोप आला होता: “बाबा, या. पण येताना पाणी आणू नका.” गेलो. नाव तुझेच ठेवले. हात धुवायला पाणी लल्ला रहीमोने घातले. मला किटलीला हात लावू दिला नाही.

दुपारी फ्लॅट रिकामा केला. सामान फारसे नव्हते. नळ घट्ट बंद केला. त्यातून काही येणार नव्हते, तरी केला. खिडक्या लावल्या. इमारत तीनमध्ये वरपासून खालपर्यंत पायांचा आवाज फक्त माझा.

तीन वाजून वीस मिनिटांनी दाराला कुलूप लावले. दोन्ही किल्ल्या खालच्या कार्यालयात परत केल्या.